गफूरभाईंच्या गाण्याखालचं नाव

गफूरभाई गेल्याचं मला तेरा दिवसांनी कळलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी नागपूरला मुलाकडे होतो, डोळ्यावर हिरवी पट्टी होती, त्यामुळे वाशीमहून आलेलं पोस्टकार्ड सूनबाईनंच वाचून दाखवलं. ‘सर, आमचे अब्बा गेल्या जुम्याला सकाळी गेले. फार त्रास झाला नाही. तुमची आठवण काढत होते. नसीम.’ एवढंच होतं. सूनबाईनं कार्ड उलटून पाहिलं आणि विचारलं, “बाबा, कोण हो हे गफूरभाई?” आमच्या गावचे पिंजारी म्हणावं, तर चाळीस वर्षं ज्यांच्या ओसरीवर बसून चहा प्यालो त्यांना एका धंद्याच्या नावात गुंडाळून टाकल्यासारखं होणार. मित्र म्हणावं, तर मित्राशी माणूस इतकी वर्षं खोटं वागत नाही... “ओळखीचे होते,” मी म्हणालो. सूनबाई स्वयंपाकघरात गेली. मी मात्र त्या एका वाक्यात अडकून पडलो. माझी आठवण काढत होते म्हणजे नेमकं काय आठवत होते?

पन्नासच्या दशकात मी वाशीमच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. माझी खोली ज्या गल्लीत होती तिच्याच टोकाला गफूरभाईंचं घर. दिवाळीच्या आधीपासून होळीपर्यंत गल्लीत एकच आवाज भरून राहायचा... तुंईं, तुंईं, तुंईं. आढ्याला दोरीनं टांगलेली माणसाहून लांब धनुकली, तिला बकऱ्याच्या आतड्याची ताणलेली तात, आणि त्या तातेवर लाकडी मुठियाचा ठोका. प्रत्येक ठोक्याला कापसाचा एक ढग उडायचा. गफूरभाईंच्या पापण्या, मिशा, कानाची पाळ सगळं पांढरं. तिशीतच ते म्हातारे दिसत, आणि तोंड धुऊन आले की एकदम तरुण. धनुकली खांद्यावर टाकून ते अनसिंगला, कामरगावला जात. शिरपूरच्या धर्मशाळेतल्या यात्रेकरूंच्या गाद्या दरवर्षी तेच पिंजून देत. आतल्या खोलीत, गोणपाटाच्या पडद्यामागे त्यांची बायको पिंजलेला कापूस रजयांत भरून टाके घालत असे. मला तिच्या बांगड्या ऐकू येत, चहाची कपबशी पडद्याखालून सरकताना तिचा हात दिसे. तिला मी कधी समोरासमोर पाहिलं नाही.

गफूरभाई कामावर गात. बहुतेक वेळा नुसतं गुणगुणत, पण एक गाणं मात्र ते पूर्ण म्हणत, तातेच्या ठोक्यावर बरोबर बसवून.

साऱ्या गावाची झोप म्या पिंजली बाई,
माही झोप कोठी सांडली?
गादी भरली, रजई भरली बाई,
रात तेवढी रिती मांडली.

मी नुकताच कॉलेजातून आलेला, डोक्यात पुस्तकं. मला ते ऐकून अंगावर काटा आला होता. “गफूरभाई, हे कुठलं गाणं?” मी विचारलं. ते हसले. “कुठलं म्हंजे? इथलंच. काम करता करता येते तोंडात.” मी आणखी विचारलं नाही. त्या ‘बाई’ शब्दावर मी थोडा अडखळलो होतो, पुरुषमाणूस गातो आणि ‘बाई’ म्हणतो, पण आपल्याकडे गाण्यात ‘बाई’ कुठेही येतं, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला.

त्याच सुमारास ब्लॉक ऑफिसच्या कामावर वॉल्टर नावाचा एक अमेरिकन तरुण आला. विहिरी, कंपोस्ट खत, संडासाचे खड्डे असलं काही तो गावोगाव दाखवत फिरे. उंच, लाल मानेचा, आणि जीपमध्ये कायम एक वाद्य. गोल, डफासारखं कातडं मढवलेलं, त्याला लांब मान आणि तारा. त्याला बँजो म्हणतात, हे मला त्याच्याकडून कळलं. गावात इंग्रजी बोलणारे आम्ही दोघंतिघंच, त्यामुळे संध्याकाळी तो माझ्या खोलीवर येऊन बसे. एकदा गल्लीत शिरताच त्यानं धनुकलीचा आवाज ऐकला आणि तो जो थांबला तो थांबलाच. नंतर सरळ गफूरभाईंच्या ओसरीवर चढला. गफूरभाईंनी मुठिया खाली ठेवला, बँजोवर बोटानं टिचकी मारली आणि मला म्हणाले, “मास्तर, हे तं डफच हाय. त्याले तारा काहून लावल्या?”

त्या दिवसापासून माझं काम दुभाष्याचं झालं. वॉल्टर सांगे, त्याच्या देशात त्याच्यासारखी शिकलेली पोरं रेडिओवरची गाणी सोडून जुनी गाणी शोधत निघाली आहेत. डोंगरातल्या म्हाताऱ्यांची, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्यांची, कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांची. ती गाणी ते मशीनवर उतरवून घेतात, शिकतात आणि शहरात गोल करून बसून सगळे मिळून गातात. यातल्या काही गाणाऱ्यांवर सरकारची वाकडी नजर आहे, काहींना रेडिओवर गाऊ देत नाहीत, असंही तो आवाज खाली करून म्हणाला. मी हे सगळं गफूरभाईंना सांगितलं. ते बराच वेळ कापूस हातानं चिवडत बसले.

“म्हंजे कापूस वेचे ते काळे लोक,” ते म्हणाले, “अन् त्याईचं गानं शिकून राह्यले गोरे?”

“हो.”

“कायले? त्याईले कापूस वेचाचा हाय काय?”

मी ते भाषांतर करून वॉल्टरला सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला. तो स्वतः बँकेत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा होता. त्या गाण्यांत काहीतरी खरं आहे जे आमच्या घरात नव्हतं, असं काहीसं तो म्हणाला. मी ते मराठीत सांगायला गेलो तर वाक्य हातातून निसटलं. “त्याच्या घरी गाणी नव्हती,” एवढंच मी सांगितलं. गफूरभाईंनी त्याच्याकडे फार कळवळून पाहिलं आणि पडद्याकडे तोंड करून अजून एक चहा सांगितला.

मग टेपरेकॉर्डर आला. लोखंडी पेटीएवढा, दोन चाकं फिरणारा. वॉल्टरनं तो जीपच्या बॅटरीला वायरी लावून चालवला. सकाळची वेळ होती, गल्ली माणसांनी भरली होती. कडेवर दोन-तीन वर्षांची नसीम घेऊन गफूरभाईंची बायको पडद्यामागे उभी आहे हे मला पडद्याच्या हलण्यावरून आणि पोरीच्या बडबडीवरून कळत होतं. गफूरभाईंनी तातेवर ठोका घातला आणि गाणं म्हटलं, एकदा, मग दुसऱ्यांदा. चाकं थांबली तेव्हा वॉल्टरचे डोळे ओले होते. त्यानं वही काढली आणि मला विचारलं, हे गाणं कोणाचं?

मी गफूरभाईंना विचारायला हवं होतं. ते हातभर अंतरावर उभे होते. एवढंच वाक्य होतं, ‘गाणं कोणाचं, असं विचारतोय.’ पण मी पंचविशीचा होतो, लोकगीतांना कर्ता नसतो असं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, आणि खरं सांगायचं तर एका निरक्षर पिंजाऱ्याच्या घरात असल्या ओळी तयार होऊ शकतील, हे माझ्या मनातही आलं नाही. मी म्हणालो, “ट्रॅडिशनल. फार जुनं आहे. कोणाचं नाही.” वॉल्टरचा चेहरा उजळला. त्याला ते जुनंच हवं होतं, असं मला वाटलं. त्यानं वहीत लिहून घेतलं. गफूरभाई म्हणाले, “काय इचारलं त्यानं?” आणि मी म्हणालो, “आवडलं म्हणतो.”

पुढच्या वर्षी वॉल्टर परत गेला. त्याच्या नंतरच्या हिवाळ्यात गफूरभाईंची बायको वारली, बाळंतपणात. त्या वर्षी गल्लीत तातेचा आवाज उशिरा सुरू झाला आणि गाणं अजिबात सुरू झालं नाही. असं आणखी एक वर्ष गेलं. मग एक दिवस पुठ्ठ्यात बांधलेलं पार्सल माझ्या नावावर आलं. आत एक मोठी तबकडी आणि पत्र. वॉल्टरनं लिहिलं होतं की त्यानं ते गाणं इंग्रजीत केलं, मित्रांसोबत गायलं, आणि आता त्याच्या ओळखीच्या कॉलेजांतली मुलं ते गातात. मी धावतच गफूरभाईंकडे गेलो. आमच्या हेडमास्तरांकडे चावीचा जुना ग्रामोफोन होता, त्यावर ती तबकडी लावली तर आतून उंदरं भांडल्यासारखा आवाज आला. त्या ग्रामोफोनचा वेग वेगळा, तबकडीचा वेगळा, हे आम्हाला कुठे माहीत! गफूरभाई पोट धरून हसले. बायको गेल्यापासून त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं बसनं अकोल्याला गेलो. एका रेडिओच्या दुकानात नव्या पद्धतीचं मशीन होतं. दुकानदारानं तबकडी लावली, आणि बँजोच्या तारांवर अगदी तातेसारखा ठोका आला... मग चार-पाच पोरापोरींचे आवाज. झोप पिंजली, झोप सांडली, सगळं इंग्रजीत. गफूरभाई मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी तबकडीचं पाकीट हातात घेतलं, बोटं धोतराला पुसून.

“मास्तर, गान्याखाली नाव लिवलं हाय काय?”

पाकिटाच्या मागे गाण्यांची यादी होती. प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरात कर्त्याचं नाव. आमच्या गाण्याखाली एकच शब्द होता, ट्रॅडिशनल. माझाच शब्द, समुद्रापार जाऊन छापून परत आलेला. त्यांची बायको जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती, माणूस नुकता कुठे हसायला लागला होता... मी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणालो, “हे काय, आहे ना. तुमचंच नाव.”

“माहं?” ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद येईल असं मला वाटलं होतं. तो आला नाही. ते गोंधळल्यासारखे त्या अक्षरांकडे पाहत राहिले. परतीच्या बसमध्ये ते पाकीट मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसले, आणि मी समजलो की त्यांना भरून आलं आहे.

त्यानंतर जे झालं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. पुढच्या हंगामात मी माझी गादी पिंजायला दिली, ती परत आली तेव्हा एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं ती इंग्रजी अक्षरं शिवलेली. पाकीट समोर ठेवून, चित्र काढावं तशी त्यांनी एकेक अक्षराची नक्कल केली होती. एक अक्षर उलटं पडलं होतं. मग प्रत्येक गादीवर, प्रत्येक रजईवर ते येऊ लागलं. लोक त्याला ‘गफूरचा छाप’ म्हणू लागले, आणि लेकीच्या लग्नातल्या गादीवर छाप पाहिजेच असा आयांचा हट्ट सुरू झाला. ज्या घरी जेवायला जावं त्या घरी गादीच्या कोपऱ्यात तीच अक्षरं! आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी तो शब्द अंगाखाली घेऊन झोपत राहिलो. माझी झोप कोठी सांडली, हे कोणी मला विचारलं नाही.

नसीम आठवीत माझ्या वर्गात आली. वर्गात तिच्यासह तीनच मुली. एक दिवस धडा संपताना तिनं हात वर केला. “सर, ट्रॅडिशनल म्हंजे काय?” पुस्तकात तो शब्द नव्हता. माझ्या हातातला खडू मोडला. “परंपरागत,” मी म्हणालो. “पूर्वीपासून चालत आलेलं. ज्याचा कर्ता माहीत नाही असं.” तिनं ते वहीत लिहून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. पुढचे दोन दिवस मी गफूरभाईंची वाट पाहिली. ते तिसऱ्या दिवशी आले, नेहमीसारखे बसले, यंदा कापूस ओला आहे म्हणाले, चहा पिऊन गेले. छाप शिवायचा मात्र थांबला नाही. तिनं घरी सांगितलंच नाही की काय? की सांगूनही...? विचारायचं धाडस मला झालं नाही.

मधली वर्षं भराभर गेली. वॉल्टरची पत्रं थांबली, तो कुठे आहे मला माहीत नाही. त्यानं लावलेलं एक वेड मात्र माझ्यात उरलं. सुट्टीत सायकल घेऊन मी गावोगाव फिरलो, बायांकडून, गुराख्यांकडून गाणी उतरवून घेतली. प्रत्येक गाण्यावर आधी गाणाऱ्याचं नाव लिहिलं, मग गाणं. लोक म्हणत, मास्तर काटेकोर आहे. आणि काही वर्षांपूर्वी माझ्या अमेरिकेतल्या पुतण्यानं कळवलं की त्याच्या मुलीला शाळेत भारतातलं एक अंगाईगीत शिकवलं. त्यानं ओळी लिहून पाठवल्या होत्या, मी त्या ओळखल्या. झोप न येणाऱ्याचं गाणं तिकडे लेकरांना झोपवण्यासाठी म्हणतात! गफूरभाईंना मी हे सांगितलं. तोवर त्यांच्या छातीत कापूस पक्का बसला होता, खोकल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. “लेकरं झोपते ना?” एवढंच त्यांनी विचारलं. त्यानंतर आमच्या भेटी थोड्याच झाल्या.

नागपूरहून परतल्यावर मी नसीमकडे गेलो. ती आता स्वतः शाळेत शिकवते. तिच्या नवऱ्यानं पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं विजेचं मशीन बसवलं आहे, पण त्या दिवशी ते बंद होतं. तिनं चहा ठेवला. मी विचारलं, “माझी आठवण काढत होते म्हणालीस...”

“हो. म्हनत होते, मास्तराले सांगजो, गादी उन्हात टाकत जा म्हना. दमट गादीवर झोपते तो.”

“एवढंच?”

“एवढंच, सर.”

मग मला राहवलं नाही. तो छाप, तो शब्द, तू वर्गात विचारलं होतंस, घरी सांगितलं होतंस का, असं मी एका दमात विचारलं. ती थोडी हसली.

“त्याच दिवशी सांगतलं. अब्बा येवढे हासले, येवढे हासले का खोकलाच लागला. मंग म्हने, बरंच झालं. सर, ते गानं अब्बाचं नव्हतंच. अम्मीचं होतं. रजया भरता भरता तिनंच जोडलेलं. अकोल्याच्या त्या दुकानात अब्बा तिचंच नाव शोधून राह्यले होते. तुमी त्याईचं नाव सांगतलं, तं त्याईले झोप येईना. म्हनत, गानं तिचं अन् नाव माहं, हे बरं नाई. माहं नाव गादीवर पाहिजे, गादी म्या पिंजतो. म्हून गादीवर शिवलं.”

“आणि ते नाव नाही हे कळल्यावर? तरी शिवत राहिले?”

“लोकाईले सवय झाली होती ना. अन् अब्बा म्हने, मास्तरानं माह्यासाठीच खोटं सांगतलं, त्याचं मन कायले मोडा.” तिनं कपबशी माझ्याकडे सरकवली. “पन खरं कोनाले माहीत, सर? आमची खाला, अम्मीची बहीन, म्हन्ते, अम्मीनं ते तिच्या मायेराहून आनलं. कामरगावच्या वावरात वेचनीच्या बाया म्हनत. म्हंजे तो ट्रॅडिशनलचा छापच खरा असंन कदाचित.”

चाळीस वर्षं जे खोटं मी उरावर घेऊन फिरलो ते खरं होतं? मग ज्या बाईनं पडद्यामागे उभं राहून स्वतःच्या ओळी त्या मशीनमध्ये जाताना ऐकल्या, तिचं काय? आणि खाला म्हणते तेच बरोबर असेल, तर कामरगावच्या वावरात पहिल्यांदा ते म्हणणारी कोण होती? एक मात्र एकाएकी लक्षात आलं. “नसीम,” मी म्हणालो, “तुझ्या आईचं नाव काय होतं?” इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

“हनीफा.”

ते मी इथे लिहून ठेवतो. हनीफा.

मग मी तिला उरलेलं सांगितलं. तिला वाटत होतं की कर्ता नाही असं त्या गोऱ्यानंच ठरवलं. नाही, म्हणालो, त्यानं विचारलं होतं. तुझे वडील शेजारी उभे होते, तुझी आई पडद्यामागे होती, तू तिच्या कडेवर होतीस. विचारायची संधी माझ्या हातात होती आणि मी परस्पर उत्तर देऊन टाकलं. “तो शब्द माझा आहे, नसीम.”

ती माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे पाहत होती. बाहेर कोणी तरी मशीन कधी सुरू होणार म्हणून विचारायला आलं, तिनं हातानंच थांब म्हटलं. मग ती उठून आत गेली. मला वाटलं, आता निघावं. मी चपला पायात घातल्या.

तेवढ्यात ती बाहेर आली, हातात एक उशी. तिच्या घरात बसलेल्या प्रत्येक माणसाच्या पाठीला उशी देण्याची रीत होती. गफूरभाई कोणाला नुसत्या भिंतीला टेकू देत नसत, मग तो पोस्टमन असो की तहसीलदार. “पाठीले घ्या, सर,” ती म्हणाली. “चहा थंडा होऊन राह्यला.”

ती उशी मला कशासाठी दिली, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी चपला पुन्हा काढल्या आणि टेकून बसलो.